आडवी छत्री

ऊन उतरलेलं, पावसाचा थेंब नाही आणि पांढऱ्याशुभ्र गल्लीतून एक माणूस काळी छत्री उघडून चाललेला. तीही डोक्यावर नाही, डाव्या कानाशी आडवी धरलेली. सासरेबुवा समोरून येताना नव्या सुनेने पदर ओढून घ्यावा, तशी. डोक्यावर गांधी टोपी, पायात रबरी चप्पल. चौकात पोचल्यावर त्यांनी छत्री डावीकडून उजवीकडे घेतली आणि पुढच्या गल्लीला लागले. आण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

मी फलटणला शाळेत चित्रकला शिकवतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की रंगपेटी उचलून दक्षिणेकडच्या एका समुद्रकाठच्या गावी जायचो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे आधीच पाय ठेवायला जागा उरलेली नाही. सगळी घरं पांढरी. पायऱ्या पांढऱ्या, कठडे पांढरे, त्यांवर बोगनवेलीचे गुलाबी झुबके, आणि दर तिसऱ्या दारात कुणीतरी चित्रकार, नाहीतर कुंभारकाम करणारी शहरी बाई. एका दालनात एक तुटकं वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि लोक हात मागे बांधून त्याच्यापुढे उभे होते. मीही उभा राहिलो. आपण आठवीच्या मुलांना पेरू काढायला शिकवतो, आपल्याला काय कळणार, असं वाटून जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

तर त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून रंगवत होतो आणि मागून आवाज आला, "रंग वघाळतोय बगा."

मराठी ऐकून मी दचकलोच. छत्रीवाले मागे उभे होते.

"गाव कंचं, पावनं?"

"फलटण."

"मग आपलंच की."

ते आटपाडीच्या बाजूचे. इकडे असताना फलटणच्या आणि आटपाडीच्या माणसाने एकमेकांकडे ढुंकून पाहिलं नसतं. तिथे मात्र आम्ही चहा होईपर्यंत एका गावचे झालो आणि चहा संपेपर्यंत पाव्हणे. रात्रीच्या मुक्कामाचं विचारलं, मी लॉजचं नाव सांगितलं, तर ते इतके दुखावले की मला सामान आणायला तेव्हाच जावं लागलं. त्यांच्या दुकानाच्या वर एक खोली रिकामी होती. पुढे कैक सुट्ट्या मी त्या खोलीत काढल्या.

दुकान गलाईचं. सोनारांकडचं जुनं, मिसळ सोनं वितळवून ते शुद्ध करून द्यायचं, असा हा धंदा. सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं त्यापायी देशभर पांगली आहेत. आण्णांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आण्णा म्हणायचे, "बाप चाऱ्यामागं फिरला, म्या सोन्यामागं. फिरणं काय सुटलं न्हाई." लग्न झाल्यावर दोन महिन्यांनी ते या गावी आले होते. तिथली भाषा त्यांना उत्तम यायची, पण बोलायचे शक्यतो मराठीच, आणि तीही आटपाडीची. शेजारचा कॉफीवाला त्यांना "काय रं गड्या" म्हणायचा आणि कॉफी चांगली झाली की स्वतःच "लय भारी" म्हणून घ्यायचा.

पर्यटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने आपल्या घराची दर्शनी भिंत रंगवायची, असा त्या गावाचा दंडक. बाकीचे डब्यातला रंग आणायचे. आण्णा चुना भिजवायचे, त्यात नीळ कालवायचे आणि खालून हातभर काव लावायचे, गावाकडे दसऱ्याला लावतात तशी लालभडक. गल्लीतली मंडळी येऊन सांगायची की इथे फक्त पांढरा चालतो. आण्णा म्हणायचे, बरं. दुसऱ्या दिवशी लाल पट्ट्यावर पांढरा हात मारायचे. पुढच्या वर्षी पुन्हा काव. वाद कधी घातला नाही आणि ऐकलंही कधी नाही.

त्यांची एक मोठी मौज होती ती चपलांची. समुद्राकडून एसटी स्टँडकडे, म्हणजे तिकडच्या बसस्टँडकडे, जाणारी वाट त्यांच्या दारावरून जायची. रोज संध्याकाळी दोन-चार माणसं अनवाणी, नाहीतर एकाच पायात चप्पल घालून लंगडत यायची. आण्णा पायरीवर बसलेले असायचे. "गेली का?" म्हणून मराठीत विचारायचे आणि ते कुठल्याही मुलखातल्या माणसाला कळायचं. उरलेली एकटी चप्पल माणसं वैतागून तिथेच टाकून जात. आण्णांनी त्यांचं एक डालगं भरून ठेवलं होतं. त्यातून डावी एक, उजवी एक अशी जोडी जुळवून ते पुढच्या अनवाण्याला द्यायचे. एका गोऱ्या बाईला त्यांनी एक निळी आणि एक मोराच्या चित्राची दिली होती. ती पुढच्या वर्षी तीच घालून आली.

"पयल्यांदा आलेलं माणूस म्या बसल्या जागी वळखतो," ते मला सांगायचे. "त्ये चपला पाण्याच्या कडंला काढतं. लाट काय तिथंच ऱ्हाती व्हय? एकदा गेली म्हंजे मग अक्कल येती. दुसऱ्या खेपंला लांब काढून जातंय."

"तुमची कधी गेली का, आण्णा?"

"माजी कशाला जाईल? म्या जातोच कुठं तिकडं?"

त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्रकाठच्या गावात तीसएक वर्षं काढून पाहिलेला नव्हता. छत्रीचं कारण ते होतं.

मला हे हळूहळू उमगत गेलं. माझ्या खोलीला दोन खिडक्या होत्या. गल्लीकडची उघडी आणि समुद्राकडची खिळे मारून बंद. फलटणहून समुद्र रंगवायला आलेल्या माणसाला समुद्राकडची खिडकी बंद असलेली खोली मिळाली, यावर माझे मित्र अजून हसतात. रोज दुकान बंद केलं की आण्णा गावभर फिरायला निघायचे, मला घेऊन. त्या गावाची एकेक गल्ली त्यांना पाठ होती. कुठल्या वळणावर उतार आहे, कुठे दोन घरांच्या मधून निळी फट दिसते, तिथे पोचायच्या दोन पावलं आधी छत्री उघडलेली असायची. माझी चित्रं ते आवडीने बघायचे, पण आधी तळहात चित्रातल्या निळ्यावर ठेवायचे. "घरं झ्याक आल्यात," म्हणायचे. माझी घरं बरी येतात आणि समुद्र साबणाच्या पाण्यासारखा येतो, तेव्हा त्यांचं चुकत होतं असंही नाही.

विचारलं की कारण दरवेळी वेगळं. खाऱ्या वाऱ्याने मोतीबिंदू होतो. एका ज्योतिषाने पाण्यापासून जपा म्हणून सांगितलंय. एकदा तर म्हणाले, "एवढं पाणी, आन पिण्याजोगं न्हाई. आमच्याकडं लोकं टँकरमागं पळत्यात. मला राग हाय त्येचा." हे मला पटलं होतं. फलटणला जाऊन मी शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलंही, जरा आवाज लावून.

गावातल्या चित्रकारांची तर निराळीच समजूत. त्यांच्या मते आण्णा काहीतरी फार मोठं सांगत होते. पांढरी गल्ली आणि तिच्यात आडवी काळी छत्री, असं चित्र एकाने काढलं आणि ते एका दालनात लागलं. तिथल्या बाईंनी मला समजावून सांगितलं की ही छत्री म्हणजे माणसाचा नकार आहे. मी मान हलवली. आण्णांना ते चित्र दाखवलं तर ते म्हणाले, "टोपी वाकडी काढलीया."

खरं कारण मला फोनमुळे कळलं. वहिनी, म्हणजे आण्णांची बायको, गावी असायची. रोज रात्री जेवण झालं की आण्णा तिला फोन लावायचे आणि आटपाडीपर्यंत आवाज पोचवायची जबाबदारी आपलीच असल्यासारखे ओरडून बोलायचे. म्हैस, पोरं, पाऊस, कुणाचं लग्न, असं सगळं व्हायचं. आणि शेवटी, आपण "ठेवतो" म्हणतो त्याऐवजी, ते म्हणायचे, "आज बी न्हाई बघितला गं."

एकदा मी सरळ विचारलं. आण्णा भाकरी मोडत होते. ते लाजले. साठीचा माणूस लाजलेला मी फार जवळून पाहिला आणि मलाच कुठे बघावं कळेना.

"लगीन झाल्यावर निघालो हितं यायला," ते म्हणाले. "ती विट्याच्या ष्ट्यांडवर आली हुती पोचवायला. म्हणाली, तितं समुद्र हाय म्हणत्यात. म्हणलं, आसंल. तर म्हणाली, माज्याबिगर बघू नगा. दोगं संगंच बघू. म्या म्हणलं, बरं. मला वाटलं, सा म्हैन्यांत आणीन तिला."

"मग?"

"मग काय. आई आजारी. पोरं झाली. दुष्काळ पडला. मेंढरं कुणाच्या जिवावर टाकायची? पाणी नव्हतं तवा पाण्यापायी अडकली. आता कालव्याचं पाणी आलं तर दाळिंबापायी अडकली." त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "आन बोलून बसलोय न्हवं."

त्यानंतर मी कुठल्याही वळणावर त्यांच्या छत्रीला हसलो नाही. उलट एकदा त्यांचं लक्ष नव्हतं आणि समोर फट आली, तर मीच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

मग ती गल्ली बदलली. सोनार एकेक करून उठले, त्यांच्या जागी दालनं आली, आइस्क्रीम आलं. आण्णांच्या दुकानाच्या घरमालकाने घर विकायचं ठरवलं. तिथे पर्यटकांसाठी राहायच्या खोल्या होणार होत्या. आण्णांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. पोरगा तिकडे डाळिंबाची बाग करत होता, त्यांनाही आता गावी जावंसं वाटत होतं. मे महिना संपला की दुकान उठवायचं, असं नक्की झालं. अडचण एकच होती. वहिनी त्याआधी आली नाही तर समुद्र तसाच राहणार होता.

"दोन दिस ये," ते रोज फोनवर ओरडायचे. पलीकडून म्हैस व्यायची असायची, मग धाकट्या मुलीचं बाळंतपण असायचं, मग बागेला फवारणी. एके दिवशी तर वहिनी म्हणाली, "आता ह्या वयात काय बघायचा समुद्र? तुमीच या गप घरला." फोन ठेवल्यावर आण्णा बराच वेळ डालग्यातल्या चपला उगाच खालीवर करत बसले.

मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही एकटे बघून या. वहिनींना सांगू नका म्हणजे झालं."

मी असं बोललो आणि त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. चहा पुढे करताना म्हणाले, "न बघता जाईन, मास्तर. तीस वर्सं मान वळवून काढली, ती काय चोरून बघायसाठी?"

तेव्हा मला वाईट वाटलं. आम्ही इतके दिवस ज्याला विक्षिप्त म्हणत होतो, तो माणूस आता तसाच परत जाणार होता, हात हलवत. त्या रात्री फोन लागल्यावर मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि वहिनींना म्हणालो, "वहिनी, मी फलटणचा मास्तर. तुम्ही आला नाहीत तर हे खरंच बघणार नाहीत हो."

पलीकडे म्हशीची घंटा वाजत होती. मग वहिनी म्हणाली, "अजून न्हाईच बघितला त्येंनी? मला वाटायचं, म्हणायचं म्हणून म्हणत्यात."

आणि चौथ्या दिवशी ती आली. पुतण्याने रेल्वेत बसवून दिलं होतं. ठेंगणी, काटक बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, हातात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि डाळिंबं भरलेली पिशवी. तिच्यासाठी आण्णांनी, दुकान चार दिवसांनी उठणार असताना, दर्शनी भिंतीला चुना मारला होता. नीळ घालून, खाली काव लावून. तिने भिंतीवरून हात फिरवून बोटं बघितली. "डिंक कमी पडलाय," म्हणाली, "हाताला लागतोय." आण्णा इतके खूश झाले की कॉफीवाल्याला बोलावून ते वाक्य त्याला भाषांतर करून सांगितलं.

थेट समुद्राकडे न्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. आधी गाव दाखवायचं, मग तो. संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. पुढे आण्णा, छत्री घेऊन. सगळ्या गल्ल्या त्यांनी आपल्याच मळ्यातून फिरवावं तशा दाखवल्या. इथे कुंभारीण बाई राहते. हे मांजर तिचं. ह्या पायऱ्यांवर फोटो काढायला लोक रांग लावतात. वहिनी सगळं बघत होती आणि तिला जे वाटेल ते बोलत होती. वल्ह्याच्या दालनात ती म्हणाली, "मोडलंय की. चुलीला बी घालायचं न्हाई व्हय?" तिथल्या बाईंनी मला अर्थ विचारला. मी म्हणालो, त्यांना आवडलं.

मग ते छत्रीचं चित्र लागलं होतं त्या दालनात आलो. वहिनी चित्रापुढे थबकली.

"ह्ये तुमीच की."

"व्हय. टोपी वाकडी काढलीया."

"आन छत्री कशाला आडवी?"

"समुद्र दिसू ने म्हणून."

ती चित्राकडे बघत राहिली. पदराने उगाच नाक पुसलं. आण्णा बाहेर कुणाशी तरी बोलायला गेले, तशी ती माझ्याजवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, म्या बघितलाय वो."

"काय?"

"समुद्र. बचत गटाच्या बायांसंगं गेलती, गणपतीपुळ्याला. लय वर्सं झाली. आदी ठावं न्हवतं तितं समुद्र हाय म्हणून. बस थांबली आन फुडं ह्योच. डोळं मिटून किती वेळ बसणार? बायांनी धरून पाण्यात नेलं. चप्पल बी गेली एक." ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. "घरी आल्यावर सांगणार हुते. तर रातच्याला फोनवर ह्येंचं आपलं, आज बी न्हाई बघितला गं. तोंड उघडंना माजं. मग रोज तेच. म्हणायचं म्हणून म्हणत्यात, अशी मनाची समजूत घातली, तरी यायला नगं वाटायचं, तोंडावर कळंल म्हणून. तुमी बोलू नगा. त्यास्नी दाखवू द्या मला."

मी मान हलवली. बाहेर आण्णा छत्री आपटत घाई करत होते.

शेवटची गल्ली उताराची आहे. तिच्या तोंडाशी आण्णा थांबले. त्यांनी छत्री मिटली, काखेत मारली आणि मान खाली घातली. तसेच, पायांकडे बघत, वहिनीचं मनगट धरून उतरले. वाळू लागली तरी मान वर नाही. लाटेचा आवाज अगदी जवळ आला. त्यांनी चपला काढल्या, नीट शेजारी शेजारी ठेवल्या, दोन पावलं पुढे गेले आणि पाणी पायाला लागलं तेव्हा म्हणाले, "हं. बघ आता."

दोघांनी मान वर केली.

म्हणजे आण्णांनी केली. वहिनी त्यांच्याकडे बघत होती. समुद्राकडे तिने त्यानंतर पाहिलं.

आण्णांचं तोंड उघडंच राहिलं होतं. ते डावीकडून उजवीकडे बघत गेले, पुन्हा उजवीकडून डावीकडे आले, आणि कुठे संपतो हे सापडत नसल्यासारखं पुन्हा बघत गेले. "लय हाय गं," एवढंच म्हणाले.

"लय हाय," वहिनी म्हणाली.

मी मागे उभा होतो आणि माझ्या एकदम लक्षात आलं. वहिनीने चपला पार वर, होड्या ओढून ठेवतात तिथे काढल्या होत्या. अनुभवाने. मी पटकन तिथे जाऊन माझ्याही चपला तिच्या चपलांशेजारी काढल्या, म्हणजे ते मी सुचवलं असं वाटावं. तेवढ्यात एक मोठी लाट आली, आण्णा गुडघ्यापर्यंत भिजले, टोपी सावरत मागे आले, आणि त्यांच्या दोन्ही चपला गोल फिरत आत निघून गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. वहिनीला तर हसून ठसका लागला.

परतताना ते अनवाणी, मिटलेली छत्री काठीसारखी टेकत चालले होते. गल्लीतल्या दुकानदारांनी त्यांना पाहिलं. कॉफीवाला दारात येऊन ओरडला, "गेली का?" आण्णांनी दोन्ही हात वर केले. वहिनी पुढे गेली होती, बोगनवेलीखालच्या मांजराशी बोलत. आण्णा माझ्या बरोबरीने आले.

"मास्तर, तिनं चपला कुठं काढल्या, बघितलं?"

मी म्हणालो, "मीच म्हणालो होतो त्यांना, की..."

"ऱ्हाऊ द्या." ते पुढे चाललेल्या तिच्याकडे बघत होते. "तिनं बघितलाय आदी. बरं झालं. एकटीच त्या रानात राबत हुती, कुठं तरी गेली म्हणायची." थोडं चालल्यावर म्हणाले, "तिला बोलू नगा. तिला वाटंल, ह्येंची तीस वर्सं वाया गेली."

"आणि गेली नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्गात मी बिनडोक प्रश्नाला बघतो तसं. "मास्तर," ते म्हणाले, "रोज रातच्याला तिला सांगायला कायतरी हुतं की माज्याजवळ."

आता ते गावीच असतात. फलटणहून दोन तासांची वाट आहे, सुट्टीत मी तिकडे जातो. त्यांच्या आळीतली सगळी घरं दसऱ्याला नीळ घातलेल्या चुन्याने पांढरी होतात आणि काव कुणी पुसायला लावत नाही. छत्री खुंटीला असते. डाळिंबाचा व्यापारी आला, पाव्हणा आला, की आण्णा समुद्राची गोष्ट काढतात. परवाही काढली. लाट कशी आली, चपला कशा गेल्या, हे हाताने करून दाखवलं.

"आमी दोघांनी पयल्यांदा संगंच बघितला," ते पाव्हण्याला म्हणाले. "काय गं?"

"व्हय, संगंच," वहिनी चुलीपासून म्हणाली.

"माज्या दोनी गेल्या. हिच्या तेवढ्या ऱ्हायल्या. नशीबवान हाय."

"ऱ्हायल्या आपल्या," वहिनी म्हणाली आणि चहा घेऊन बाहेर आली. दोघांनीही, एकाच वेळी, माझ्याकडे बघितलं. मी बशीत चहा ओतला आणि तोंड खाली घालून प्यायला लागलो.